नंदुरबारचा कवळीचोर

दोंडाईचा मागे पडलं आणि थोड्या वेळाने एस.टी.तली माणसं एकेक करून खोकायला लागली. कंडक्टरने खिडकीची काच ओढली आणि म्हणाला, "आलं नंदुरबार!" इथे शहर दिसायच्या आधी मिरची नाकात शिरते. मला तर त्या ठसक्यानेही बरं वाटलं. पिशवीत माझ्या विनोदी रहस्यकथेच्या, म्हणजे चित्रांच्या कादंबरीच्या प्रती होत्या आणि तिच्यातली चोरी घडते ती इथल्याच पथारीवर (मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान). दोन वर्षांपूर्वी एक दिवस येऊन मी रेखाटनं करून गेलो होतो. एका दिवसात मला गाव कळलं, असा माझा समज होता.

पारसशेठचं पुस्तकांचं दुकान बाजारपेठेत आहे. एरवी वह्या आणि गाईडं विकणाऱ्या शेठनी लेखकाच्या सह्यांचा कार्यक्रम पहिल्यांदाच ठेवला होता. वह्यांच्या गठ्ठ्यांवर चादर टाकून माझ्यासाठी टेबल केलं होतं.

"आधी फाफडा खा. सही कुठे पळून जाते का?" शेठ म्हणाले.

दुपारपर्यंत बऱ्यापैकी प्रती गेल्या. मी खुशीत होतो. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे पुस्तक आधीपासूनच होतं. त्यांनी ते शेवटच्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"हाई कोन शे?" (ही कोण आहे?)

गोष्टीत पथारीच्या मालकाची सोन्याच्या दातांची कवळी चोरीला जाते. चोर ती मिरचीच्या ढिगात लपवतो आणि पहाटे उघड्या हातांनी उकरून काढतो. शेवटच्या पानावर देठ खुडणारी एक बाई हातपंपावर भगभगणारे हात धुताना हवालदाराला सापडते. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले आहेत. मी मान वर केली. समोरच्या हनुवटीवर तेच तीन ठिपके होते.

त्या जवळच्या कोरीट गावच्या सुमनबाई. लोणखेड्याला कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने पुस्तक आणून त्यांना वाचून दाखवलं होतं.

"पथारीवर समद्या बाया माले कवळीचोर म्हनी ऱ्हायन्यात," त्या म्हणाल्या. "पहिले मीबी हसनू. काल एकीनं पैंजण हरपनं, तं समदासनी मन्हीच पिशवी धुंडी." (काल एकीचं पैंजण हरवलं, तर सगळ्यांनी माझीच पिशवी तपासली.)

"अहो, हे सगळं काल्पनिक आहे. पहिल्याच पानावर तसं छापलंय," मी म्हणालो. बोलताना माझं मलाच ते पुचाट वाटलं.

"मिरचीवाली बाई हात धुवाले पंपवर जावाव नही (जाणार नाही), भाऊ. पानी लावं का आग वाढस. आम्ही पहिले तेल लावतस. तुम्हना हातले तेल कोनी लावं व्हतं? ध्यानमा शे का?"

तेव्हा आठवलं. रेखाटनं करता करता हौसेने मीही मूठभर मिरच्यांचे देठ खुडले होते. बोटं पेटल्यावर पंपाकडे धावलो आणि आणखीच बोंबलत परत आलो. या बाईंनी मला खाली बसवून बाटलीतलं तेल माझ्या तळहातांना चोळलं होतं. त्यांचा चेहरा मी उचलला आणि तेल तेवढं विसरलो. मला मनापासून लाज वाटली.

"मग चोर कोण?" मी विचारलं.

"जो पानीकडे पयना, तो (जो पाण्याकडे पळाला, तो). बाहेरना मानूस."

पारसशेठ हसायला लागले. मी पेन घेतलं. सुमनबाईंच्या पुस्तकात पंपावरच्या चेहऱ्यावर काट मारली आणि शेजारी माझा चष्मा, माझी खुरटी दाढी काढली. खाली लिहिलं, "खरा चोर मी." मग उरलेल्या सगळ्या प्रतींत तेच केलं. सकाळी विकल्या गेलेल्या प्रतींना मात्र माझा हात पोचणार नव्हता, आणि हे मी त्यांना सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या पुस्तक पदराखाली घेत म्हणाल्या. "हाई मी पथारीवर दखाडसू (दाखवीन)."

परतीच्या एस.टी.त पुन्हा ठसका लागला, पण या खेपेला बरं वाटलं नाही. घर येईपर्यंत मनात एकच होतं, की मी त्या बाईच्या तेलाची फेड तिच्या नावावर चोरी लावून केली.

चार दिवसांनी शेठचा फोन आला. पैंजण मिरचीच्या पोत्यात सापडलं होतं.

"आणि पथारीवरच्या बाया रोज एकच विचारतात," शेठ म्हणाले, "तो कवळीचोर परत कधी येणार?"

"लवकरच येतो म्हणावं," मी म्हणालो, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळेपणाने हसलो.