पुराव्याचे दगड

हाशम शिकलगारची क्रेन म्हणजे लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक. मागे चेनकप्पी, पुढे बंपरवर दगडांनी भरलेली लोखंडी पेटी. मागून वजन उचलताना पुढची चाकं अधांतरी होऊ नयेत, म्हणून दगड. ट्रक उलटायचे ते हैदराबाद रस्त्यावरच्या ओढ्याच्या वळणावर, म्हणून हाशम सोलापुरातून सकाळीच येऊन तिथल्या लिंबाखाली बसे. माणूस मरायच्या आधी तिरडी घेऊन दारात बसणाऱ्याबद्दल जे वाटेल, ते गावाला हाशमबद्दल वाटे.

त्यात गावातल्या बिरप्पाने त्याला भर रस्त्यात दगडाशी वाकलेला पाहिला. बंद पडलेल्या ट्रकभोवती ड्रायव्हर दगड मांडतात आणि ट्रक सुरू झाला की तसेच टाकून जातात. ते आपण उचलतो, असं हाशमचं म्हणणं. पण उचलणारा आणि ठेवणारा लांबून सारखाच दिसतो.

सरपंच रुद्रप्पा म्हणाले, "सगळे दगड हितंच उतरव. न्हायतर उद्यापासनं ह्या वळणावर दिसू नको."

"मालक, दगडाबिगर गाडी उताणी हुती की."

"हुंदे."

वळण गेलं तर पोट गेलं. हाशमने पेटी रस्त्याकडेला रिकामी केली.

त्याच आठवड्यात एक ट्रक तिथे पंक्चर झाला. ड्रायव्हरला दगड आयतेच मिळाले. चाक बदलून तो गेला. दगड रस्त्यातच राहिले. ते चुकवताना रुद्रप्पांचा नवाकोरा ट्रॅक्टर ओढ्यात गेला. स्वतः रुद्रप्पा उडी मारून वाचले. हाशम लगेच आला. हेही लोकांनी ध्यानात ठेवलं.

"दगड कुणाचे रे?" रुद्रप्पांनी विचारलं.

"माझे. उतरवले तुमी."

"लई शाना हायस. पंचनामा हुईस्तवर एका दगडाला हात लावायचा न्हाय. पुरावा हाय त्यो."

हाशमने ट्रॅक्टरला लावलेली साखळी ताणली, तशी क्रेनची पुढची चाकं वर आली.

"वजन पायजे, मालक. दगड न्हाय तर मान्सं बसवा."

मग बिरप्पा बॉनेटवर बसला, पंचनाम्याला बोलावलेले पंच मडगार्डवर, आणि पेटीत स्वतः रुद्रप्पा, हाशमवर नजर ठेवता यावी म्हणून मागे तोंड करून. ट्रॅक्टर वर आला.

हाशमला वळणावर राहू द्यायचं ठरलं, दगडांसकट. मात्र रुद्रप्पांनी प्रत्येक दगडाला चुना फासून घेतला. पुन्हा रस्त्यात सापडला तर ओळखू यावा. हाशमने उरलेला चुना मागून घेतला आणि फुकटात बंपर रंगवला.