जोडीचा बिल्ला

माझ्या दादाला लहानपणापासून नाण्यांचं वेड. वहिनीला बघायला गेलो तेव्हा मुलीला काय येतं, काय नाही ते राहिलं बाजूला. ह्यानं तिच्या आजीला विचारलं, तुमच्याकडे जुनी नाणी आहेत का? मी शेजारीच बसले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीला मात्र हसू आवरेना, आणि तिथंच लग्न ठरलं.

नाणी जमवणाऱ्याला एक खोड असते. रिकामी जागा बघवत नाही. वहीतला एक खण मोकळा असला की दादाच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

वहिनी गेली आणि त्यानं नाण्यांना हात लावणं सोडलं. दर रविवारी वहिनीच ती पुसून ठेवायची ना, म्हणून. नाण्यांच्या दुकानातला म्हातारा शहाणा होता. म्हणाला, "मग दुसरं काही जमवा. काड्यापेटीवरची चित्रं, बटणं, किल्ल्या, जुनी तिकिटं. हाताची सवय मोडली की माणूस मोडतो." दादानं चित्रं जमवली, त्यांना कसर लागली. डबाभर किल्ल्या आणल्या, आणि कुठल्या दारांच्या असतील या विचारानं ह्याची झोप उडाली. त्या परत केल्या. मग लागले बिल्ले.

दादानं जन्मभर हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत नोकरी केली. पेशंट भरती झाला की हॉस्पिटलचा झगा घालायचा आणि स्वतःचे कपडे खाली द्यायचे. एकाच नंबराचे दोन पितळी बिल्ले असत, एक गाठोड्याला, दुसरा पेशंटच्या मनगटाला. बरा होऊन निघाला की मनगटावरचा बिल्ला द्यायचा, गाठोडं घ्यायचं. नाव विचारायचं नाही. "बिल्ला जुळला की कपडे द्यायचे, हुज्जत घालायची नाही," हे वाक्य ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. पुढे प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या आणि बिल्ले भंगारात निघाले. दादानं ते पोतं घरी आणून भिंतीवर खिळे ठोकले, एकेका खिळ्याला एकेक जोडी.

काहींना जोडी नव्हती. जो पेशंट घरी गेलाच नाही, त्याच्या मनगटावरचा बिल्ला गडबडीत त्याच्याबरोबरच जायचा. वहिनीचाही तसाच गेला. तिचं गाठोडं मीच खाली नेऊन दिलं होतं. त्यात तिचा तपकिरी स्वेटर होता. त्याचं दुसरं बटण निळं. तसलं सापडेना म्हणून मीच लावलेलं. ते गाठोडं दादानं तसंच बांधलेलं घरी आणून ठेवलं होतं.

एकटे बिल्ले बघून दादाला चैन पडेना. पितळेचा पत्रा, कानस आणि आकड्यांचे छाप आणून तो हरवलेले बिल्ले स्वतःच करायला बसला. मी म्हटलं, "आता काय घरातच हॉस्पिटल काढतोस?" तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला, म्हणून मला बरं वाटलं.

मी रोज दुपारी त्याचा डबा घेऊन जायचे. हळूहळू ध्यानात आलं, कपाट रिकामं होतंय.

"दादा, निळा शर्ट कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"ज्याचा बिल्ला होता त्याला."

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

मग एका दुपारी मी फरशी पुसत असताना दार वाजलं. बाहेर एक हडकुळा माणूस, अनवाणी, अंगात झगा. त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर दादानं कालच केलेला नवाकोरा बिल्ला होता. मी भिंतीकडे बघितलं, त्या नंबराच्या खिळ्यावर एकच उरला होता.

"कपडे द्या, भाऊ. घरी जायचंय."

दादानं नंबर जुळवला आणि स्वतःचा सदरा-पँट त्याच्या हातात ठेवली. माणसानं आत येऊन कपडे चढवले, बिल्ला परत दिला, जिना उतरला. मी खिडकीशी धावले. रस्त्यावर तो आलाच नाही. मागं वळून बघते तर फरशी ओली, आणि तिच्यावर पावलाचा ठसा एकही नाही.

"तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? अडकून पडलेत बिचारे. त्यांची गाठोडी कधीच मोडीत गेली, म्हणून माझे देतो." मग हळूच म्हणाला, "तिचा शेवटी करणार. आधी हात बसू दे."

"आणि ती आली तर?"

"बाकीच्यांना घरी जायला जिना उतरावा लागतो, छोटे. तिचं घर हेच आहे. कपडे घेईल आणि राहील."

नको म्हणायला माझी जीभ रेटेना. मलाही ती हवीच होती की.

तिचा बिल्ला झाला तोवर दादाकडे एकच कपडा उरला होता, नोकरीतला खाकी कोट. फिनेलचा वास येतो म्हणून वहिनीनं तो कधी घरात येऊ दिला नव्हता, त्यामुळे तिनं तो त्याच्या अंगावर कधी बघितलाच नाही. मी म्हटलं, "आमच्या ह्यांचा शर्ट आणते." पण दादाला दम कुठला.

त्यानं जोडी खिळ्याला अडकवली. थोड्या वेळानं दार वाजलं.

वहिनीच होती. केस विंचरलेले, अंगात झगा. तिनं मनगट पुढं केलं.

"कपडे द्या, भाऊ."

जन्मभर तिनं दादाला "अहो"शिवाय हाक मारली नव्हती.

"अगं, मी..." दादा पुढं झाला. ती कोटाकडेच बघत होती.

"वहिनी, मी छोटी," मी म्हटलं.

ती ओळख नसल्यासारखं हसली. "तुमचाही नंबर आहे का?"

मी दादाचा दंड धरला. "देऊ नकोस. कपडे मिळाले नाहीत तर कुठं जाईल? इथंच उभी राहील."

दादानं तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग माझा हात सोडवून गाठोडं तिच्या हातात दिलं.

तिनं स्वेटर घातला. बटणं लावता लावता निळ्यापाशी तिची बोटं थांबली.

"हे कुणी लावलं कोण जाणे," ती म्हणाली, आणि पुढचं बटण लावलं. बिल्ला दादाच्या तळहातावर ठेवला. "येते. घरी वाट बघत असतील."

दादा जिन्यापर्यंत गेला. जिन्यात कुणी नव्हतं.

आता भिंतीवर एकही खिळा मोकळा नाही. मी नवे शर्ट नेले, ते घडीही न मोडता पडलेत. दादा तोच कोट घालून दार उघडं टाकून बसतो. परवा दुकानातला म्हातारा संग्रह बघायला आला. म्हणाला, "पुरा आहे हो. असा बघायला मिळत नाही." तो गेल्यावर दादानं मला विचारलं, "छोटे, ती कुणाच्या घरी गेली असेल गं?"

मी डबा उघडला आणि त्याला म्हटलं, आधी जेवून घे.