कापसातला कॅमेरा

परवा गादीवाल्याच्या दुकानात कापसाचा वास आला आणि मी नव्वदच्या दशकातल्या अमळनेरजवळच्या शेतरस्त्यावर पोहोचलो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा आम्ही एका दिवसासाठी भाड्याने आणला होता. पहिल्याच फिल्मचा धावता शॉट बैलगाडीतून घ्यायचा होता, पण गचक्यांनी कॅमेऱ्यात नुसतं आभाळ आणि बैलांची शेपटं येत होती. ऊन कलायला लागलं, तसे गाडीवान नाना म्हणाले, “गाडी रिकामी शे, म्हनीसन उडस. कापूस भरी ले, मंग देख.”

वेचलेल्या कापसात कमरेपर्यंत रुतून मी कॅमेरा धरला. शॉट जराही हलला नाही.

आता माझ्याकडे महागडी यंत्रं आहेत. तरी शॉट हलला की मी आधी गाडीत वजन टाकायला सांगतो. युनिटमधली नवी पोरं हसतात. मग शॉट बघतात.