कायलीहून आणलेलं शिंग

दारात आलेल्या माणसाला दारातूनच परत कसं पाठवावं, या विषयात एखाद्या विद्यापीठाने डॉक्टरेट ठेवली असती, तर आमच्या समोरच्या घरातल्या भूलवाल्या डॉक्टरांना ती परीक्षा न देताच मिळाली असती. माणूस मूळचा रत्नागिरीचा. पंचवीस वर्षं आयर्लंडमधल्या सरकारी इस्पितळात ऑपरेशनआधी भूल देतोय. लोक कधी झोपणार आणि कधी उठणार हे जन्मभर स्वतःच ठरवल्यामुळे, लोकांनी आपल्या घरी कधी यावं आणि कधी उठावं हेही आपणच ठरवायचं, असा त्यांचा समज झाला असावा. ॲडम्सटाउनमधल्या आमच्या गल्लीत सगळी घरं एका साच्यातली, दारांचे रंग तेवढे वेगळे. डॉक्टरांचं दार निळं. ते पूर्ण उघडलेलं आम्ही पहिली दोन वर्षं पाहिलंच नाही.

राहायला आलो त्या आठवड्यात मी शिऱ्याची वाटी घेऊन रस्ता ओलांडला. मराठी घर आहे म्हटल्यावर मला कोण आनंद! दार चार बोटं उघडलं. फटीतून चष्मा दिसला.

"फोन केला होतास?"

"नाही. इथे समोरच तर—"

"मग कर."

मी पायरीवर उभी राहून फोन केला. त्यांनी माझ्यादेखत खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि म्हणाले, "हं, बोल." आम्ही दोन हातांच्या अंतरावरून फोनवर रीतसर बोललो आणि गुरुवारची वेळ ठरली. शिरा मी घरी नेऊन स्वतः खाल्ला, रागाने, आणि रागात तो फारच चांगला लागला.

आमंत्रण मात्र ते चोख द्यायचे. "शनिवार, दुपारी ४.१० ते ५.२५. चहा, पोहे." पाच वीस झाले की यजमान पाहुण्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागत. "तुम्ही दमलेले दिसताय," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. नवरा म्हणाला, छे हो. त्यावर डॉक्टरांनी त्याची नाडी धरली, घड्याळ पाहिलं आणि "दमलाय" असा निकाल दिला. पाच पंचवीसला आम्ही बाहेर पावसात उभे होतो आणि नवऱ्याला खरोखरच दमल्यासारखं वाटायला लागलं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. पण ही खोड एकदा त्यांच्याच अंगाशी आली. त्यांची एकुलती लेक सानिका मेडिकलला होती. तिसऱ्या वर्षाला तिने ते सोडलं आणि घरी सांगायला म्हणून बॅग घेऊन, न कळवता, थेट दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी दार उघडलं. तोंडाला जी सवय होती तेच तोंडातून निघालं. "फोन करून यायचं ना." स्वयंपाकघरातून ओले हात पुसत काकू, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, बाहेर येईपर्यंत पोरगी स्टेशनच्या वाटेला लागलेली. पुढे तिने डंडॉकला नोकरी धरली. काकू तिला दर पंधरवड्याला ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमध्ये भेटायच्या. ती बापाशी दर रविवारी फोनवर बोलायची, हवामानाबद्दल. शेवटी न चुकता म्हणायची, "आय'ल रिंग बिफोर आय कम, बाबा." दीड वर्ष झालं, त्यासाठीचा फोन काही आला नाही. आणि "ये" हा एका अक्षराचा शब्द डॉक्टरांच्या घशात अडकून राहिला. दुसऱ्यांच्या घशात बिनधास्त नळी घालणारा हा माणूस, स्वतःच्या घशाचं काही करू शकत नव्हता.

मध्येच चीन आला तो असा. त्यांच्याबरोबर काम करणारी एक नर्स कायलीची. कायली म्हणजे नैर्ऋत्य चीनच्या डोंगरातलं एक लहानसं शहर. आजूबाजूला मिआओ आणि दोंग लोकांची गावं, त्यांची चांदी, त्यांचं भरतकाम, त्यांची बांबूची वाद्यं. ती सुट्टीवर निघताना म्हणाली, या आमच्याकडे. डॉक्टरांनी डायरी उघडून विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, कधीही. "कधीही म्हणजे किती वाजता?" हा प्रश्न म्हणे त्यांना आठवडाभर झोपू देईना. शेवटी त्याचं उत्तर शोधायला ते काकूंना घेऊन कायलीला गेले.

कायली शहराने पहिल्याच दिवशी त्यांना जिंकलं ते आंबट मासळीच्या रश्श्याने. तिथे तीन दिवस आंबट पोटात गेलं नाही तर माणूस झोकांड्या खातो म्हणतात. रश्श्यात तिरफळाच्या भावकीतलं काहीतरी लागलं आणि डॉक्टरांनी जाहीर केलं की हे लोक मूळचे कोकणातलेच. बाजारात म्हाताऱ्या बायका पाटावर बसून भरतकाम करत होत्या, त्यांच्याशी हे मराठीत बोलले. त्या त्यांच्या भाषेत बोलल्या. काकू सांगतात, तासभर दोन्हीकडून कुणालाच काही अडलं नाही.

खरी गोष्ट झाली ती शहराबाहेर, नर्सच्या आजोळी. गावाच्या वेशीवर चांदीचे मुकुट घातलेल्या बायका वाट अडवून उभ्या. गाणं म्हणत पाहुण्याच्या तोंडाला तांदळाच्या दारूने भरलेलं शिंग लावतात. हात मागे ठेवून एक घोट घेतला की वाट मोकळी. पण शिंगाला हात लागला, तर सगळं संपवायचं. आता आमचे डॉक्टर कसे, तर आयर्लंडमध्ये पाव शतक काढून थेंबाला न शिवलेले. पबमध्ये "आय ॲम ऑन कॉल" म्हणून चहा मागणारे. पण लहानपणी आईने वळण लावलेलं, कुणी काही दिलं तर दोन्ही हात पुढे करून घ्यावं. त्यांनी दोन्ही हातांनी शिंग धरलं. बायकांनी एकच जल्लोष केला. अशी तीन ठिकाणी वाट अडवली होती. तिन्ही ठिकाणी त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. नियम कळला तो तिसऱ्या शिंगानंतर, आणि तोवर तो समजून घेण्याच्या अवस्थेत डॉक्टर राहिले नव्हते.

"अगं, मी फोन केला नव्हता," परत आल्यावर ते मला सांगत होते. "मी कोण, कुठला, काही ठाऊक नाही. आणि अंगभर चांदी घालून उभ्या!"

"स्वागत आपलं नव्हतंच मुळी," काकू म्हणाल्या. "मागे प्रवाशांची बस उभी होती. हे मध्ये घुसले. त्या बायका रोज करतात ते."

"रोज!" डॉक्टर उठून उभे राहिले. "रोज करतात! तेच तर सांगतोय मी!"

त्यानंतर निळं दार उघडलं ते बंद होईना. कायलीहून त्यांनी शिंग आणलं होतं. गाईचं की म्हशीचं, यावर काकूंनी आकाशपाताळ एक केलं. दुकानदाराने फोनमधल्या भाषांतरयंत्रातून दिलेली "म्हैस, वृद्धापकाळ" ही ग्वाही दाखवूनही काकूंनी ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवू दिलं नाही. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काकूंच्या प्रेसमध्ये देव आहेत. शिंग मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेलं. बेल वाजली की डॉक्टर घरातून आरपार धावत शेडमध्ये जात, शिंगात ताक किंवा सोलकढी भरत आणि दारात आडवे उभे राहून कायलीचं म्हणून एक गाणं म्हणत. ते खरंच कायलीचं आहे की काय, हे तपासायला गल्लीत कुणी नव्हतं. वाट हा माणूस पूर्वीही अडवायचा, आताही अडवायचा. पूर्वी लोक आत येऊ नयेत म्हणून, आता कोरडे जाऊ नयेत म्हणून. पोस्टमन सुटला नाही, मीटर वाचणारा सुटला नाही. माझा नवरा पाना मागायला गेला तो दोन तासांनी तीन शिंगं ताक पिऊन आला, पाना विसरून. शेजारची आयरिश आजी मला म्हणाली, "युअर मॅन ओव्हर देअर हॅज गॉन मॅड. बट द बटरमिल्क इज ग्रँड." इथे 'युअर मॅन' म्हणजे आपला नवरा नव्हे, 'तो गृहस्थ', आणि 'ग्रँड' म्हणजे झकास. ती रोज जायला लागली.

"तुला काय वाटतं, पोस्टमनसाठी चाललंय हे?" काकू एकदा मला हळूच म्हणाल्या. "सराव करतायत."

मग एका बुधवारी डॉक्टर स्वतः माझ्या दारात आले. फोन न करता. हातात मोबाइल. "हे सानिकाला पाठवतोय. जरा बघतेस? बरोबर आहे ना?"

मी वाचलं. "शनिवार, दुपारी ४.१० ते"

"पुढची वेळ लिहायची राहिली, डॉक्टर."

"राहिली नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी ते पाठवून दिलं.

शनिवारी सकाळी दहाला मी गाडीतून सामान काढत होते. समोर एक छोटी लाल गाडी येऊन थांबली. सानिका उतरली, हनुवटी वर करून चालत गेली आणि बेल दाबली. चार दहाला अजून सहा तास होते. दार उघडलं.

"आय डिडंट रिंग, बाबा," ती म्हणाली. भांडायच्या तयारीने.

डॉक्टरांचं तोंड उघडलं. हा माणूस आता पुन्हा तेच बोलतोय की काय!

"थांब!" ते ओरडले आणि आत नाहीसे झाले.

पोरीचा चेहरा पडला. ती गाडीकडे वळलीच होती. मी रस्त्यापलीकडून लाजलज्जा सोडून ओरडले, "अगं, थांब! शेडमध्ये गेलेत!" तेवढ्यात आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि डॉक्टर धापा टाकत दारात आले, पायात एकच चप्पल, हातात शिंग. सोलकढी दुपारसाठी व्हायची होती. ताक नव्हतं. त्यांनी नळाखालीच शिंग धरलं असणार, कारण कोपरापर्यंत भिजले होते. त्यांनी गाणं म्हणायला तोंड उघडलं आणि ज्या गाण्याने आम्हाला सहा महिने छळलं होतं, ते त्यांना येईना. नुसतं शिंग पुढे करून उभे राहिले.

सानिकाला नियम माहीत होता. काकूंनी शॉपिंग सेंटरमध्ये तो तिला निदान दहा वेळा सांगितला असेल. हात मागे ठेवून एक घोट घेतला असता तर वाट मोकळी झाली असती, कुठल्याही दिशेने. तिने शिंगाकडे पाहिलं, बापाच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. आणि दोन्ही हातांनी शिंग धरलं.

शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"बाबा, इट्स जस्ट वॉटर."

"हो, गडबडीत..."

"इट्स ग्रँड, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली. माझ्या पिशवीतले गोठवलेले मटार विरघळून पावलावर टपकत होते, ते मला नंतर कळलं.

त्या दुपारी मी शिरा केला. पाच पंचवीसला वाटी घेऊन रस्ता ओलांडला. लाल गाडी तिथेच होती. निळं दार सताड उघडं, आतून काकूंचं हसणं आणि डॉक्टरांचं ते भयंकर गाणं ऐकू येत होतं, आता सगळ्या कडव्यांसकट. मी पायरीपर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. म्हटलं, आज आपण फोन करून यावं.