काळ्या कोटातला सहावा सायब

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९६५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि नांदुऱ्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सत्यभामाबाई सत्तरावं घर भरत होत्या. एकूण घरं बहात्तर होती. छापील चित्रातल्या चेहऱ्यावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांनी ती पाडली होती आणि तेवढीच मोठ्या मापानं कॅनव्हासवर. हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्याला मधोमध चौकोनी भोक. पुठ्ठा चित्रावर ठेवला की एकच घर दिसे. त्यात जो रंग दिसेल तो त्या समोर उतरवत. तो गालाचा की नाकाचा, हे त्या बघत नसत. पंचवीस जानेवारीपासून रोज चार घरं चालली होती.

छापील चित्र परदेशी पुस्तकातलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले सहा उमराव, सहा पानांवर. अंगात काळे कोट, गळ्याशी पांढरी झालर, खांद्यापर्यंत केस. जिनिंगवाले वामनराव यांनी ते पुस्तक खामगावात एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतलं होतं. मुलीचं लग्न वैशाखात, पाव्हणे अमरावतीचे. बैठकीत सहा मोठी तैलचित्रं लागली पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. काम शालिग्राम पेंटरला दिलं. चित्रांखालची नावं कुणाला वाचता येईनात, म्हणून घरात ते सगळे नुसते सायब झाले.

शालिग्राम चेहरे आणि हात करत. कोट, झालर आणि मागचा अंधार त्यांच्या बायकोकडे, म्हणजे सत्यभामाबाईंकडे. दिव्याच्या काजळीचा काळा रंग जवसाच्या तेलात लवकर सुकत नाही, म्हणून त्या आधी तपकिरी हात देत आणि वरून काळा पातळ फिरवत. शेगावच्या दुकानांसाठी देवांच्या तसबिरी केल्या तेव्हाही कामाची वाटणी हीच होती. एकोणीस वर्षं असं चाललं. गावाचा समज असा, की बाई रंग घोटतात. तेही त्या करत.

नऊ जानेवारीला शालिग्राम चार दिवसांच्या तापानं गेले. पाच सायब पुरे झाले होते. सहाव्याचा कोट होता, झालर होती, हात होते. झालरीच्या वर मात्र मोकळी तपकिरी जागा. तेरावा झाला आणि चौथ्या दिवशी सत्यभामाबाईंनी रेघा मारायला घेतल्या.

शेजारची भिमाबाई दारात येऊन म्हणाली होती, "रडून घे वं बाई एकदा. असं दगडावानी राहू नये."

"हो," म्हणून सत्यभामाबाईंनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवले होते.

आज बहात्तरावं घर भरून झालं आणि नवाच्या सुमाराला दीर आले. तुळशीराम यांचं स्टँडजवळ दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम होतं. सहावा सायब त्यांनी दुरून पाहिला, जवळून पाहिला.

"जमलं की वो वहिनी! पन वामनराव आले की मी केला म्हनून सांगतो. लग्नाच्या घरात विधवेच्या हातचं कोन टांगते?"

"मंग?"

"मंग काय. घोडा, ब्रश माह्या दुकानात नेतो. पुढचं काम तिथं. तुमी रंग घोटा. तसंबी घोटताच ना?"

घोडा, म्हणजे चित्र टेकवायची तिकटी, एकदा या खोलीतून गेला की परत यायचा नाही, हे सत्यभामाबाईंना कळत होतं. कळूनही आत काही हललं नाही.

दहा वाजता वामनराव बैलगाडी घेऊन आले. भिंतीला टेकवलेल्या पाचांसमोरून फिरले.

"तिसऱ्याचा डोळा चकना काऊन हाय बे, तुळशीराम?"

"पुस्तकात तसाच हाय, वामनरावजी."

"अन् अमरावतीवाल्याईनं इचारलं हे कोन, तं काय सांगू?"

"सांगा, आमचे विलायतचे सोयरे. दर लग्नात नवा काळा कोट मागतात."

वामनराव खो खो हसले. मग सहाव्यापाशी थांबले. "हा बेस हाय. कोनं केला? शालिग्राम तं पाचच करून गेला."

"मीच."

"मिशी पडेल हाय पन याची. पाव्हण्यांसमोर पडेल मिशीचा मानूस नाही पायजे. वर वळव. आताच, माह्यासमोर."

तुळशीराम यांनी ब्रश उचलला. तो पाट्यांच्या अक्षरांचा, रुंद आणि चपटा होता. तो त्यांनी काळ्यात बुडवला. सायबाची मिशी काळी नव्हती. तपकिरी होती, मधून ओठ दिसत होता.

"भाऊजी, थांबा."

सत्यभामाबाई पुढं झाल्या. बारीक केसांचा ब्रश घेतला, तपकिरीत पांढरा कालवला आणि डावीकडं चार, उजवीकडं चार फटकारे मारले. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर पूर्ण चेहरा होता. दोन डोळे, नाक, हनुवटी. अनोळखी माणूस. त्या बाजूला झाल्या.

वामनरावांनी वाकून मिशी जवळून पाहिली. "म्हंजे हा तुमी केला."

"हो. कोट सहाहीचे मीच केले. चेहरा फक्त याचा."

तुळशीराम दाराबाहेर बैलांकडं पाहत राहिले. वामनरावांनी तंबाखू मळली, हिशेब मनातच जुळवला.

"पाचाईचं काम तुमी सवाशीन होता तवाचं. ते चालते. बैठकीत लावतो. हा मात्र जिनिंगच्या हापिसात. घरी कोनाले बोलू नका."

"सहावा ओला हाय. रविवारी न्या."

पाच चित्रं चादरीत गुंडाळून गाडीत चढली. वामनराव पायरीवर घुटमळले. "माह्या बापाचा एकच फोटो हाय, पुसट. त्याचं होईन का?"

"फोटो पायजे."

"संध्याकाळी धाडतो. नाव मात्र तुळशीरामचंच सांगीन."

"नाव सांगा. काम इथंच आना."

"बरं," वामनराव म्हणाले.

तुळशीराम घोडा न घेता गाडीमागून चालत गेले. फोटो संध्याकाळी पाच वाजता आला. उद्या शुक्रवार. सकाळी सात वाजता तीन फूट बाय अडीच फुटांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून खिळे मारायचे आणि सरसाचा पहिला हात द्यायचा. तो सुकायला पाच तास लागतात.