पाण्यानं भरून ठेवलेली होडी

मिस्त्रीला सगळे पाचर म्हणायचे. एकदा शिरला की ठोकूनही निघत नाही, म्हणून. उभी हयात त्यानं होड्या बांधल्या. हाकायला मात्र दुसरेच असायचे. आता गिऱ्हाइकं फायबरच्या मागं लागली होती आणि त्याच्या शेडमध्ये कोळिष्टकांनी मुक्काम ठोकला होता.

अशात भूशिरापलीकडच्या मच्छीमारांचा निरोप आला. लाकडाची होडी शिडावर आणून दाखव, पसंत पडली तर तीन बांधायला देऊ. शेडबाहेर एक होडी उन्हाळाभर वाळत पडली होती. मिस्त्रीनं ती धक्क्याला पाण्यात सोडली. खालच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, फटी मिटल्या, तळ कोरडा ठणठणीत झाला.

न्यायची होती मेहुण्यानं. तो पट्टीचा खलाशी. पण ऐन वेळी गॅसचं सिलिंडर उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली.

"दाजी, आठवडाभर थांबा," तो पडल्या पडल्या म्हणाला.

"तोवर फायबरवाला गाठेल त्यांना. मी एकटा जातो."

"तुम्हाला शीड वर जातं एवढंच ठाऊक."

"खालीही येतं. बघितलंय मी."

बायकोनं भाकऱ्यांचं फडकं हातात दिलं. "पोचलात की फोन करा," ती म्हणाली, "आणि पोचणार नसलात तर आधी करा."

सुरुवात झकास झाली. मग भूशिराच्या अलीकडं वारा चढला, होडी एका कुशीवर कलली, आणि मिस्त्रीचे पाय भिजले. कललेल्या बाजूच्या फळ्यांमधून पाणी झिरपत होतं. बघता बघता घोट्यापर्यंत आलं.

त्याच्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. धक्क्याला होडी सरळ उभी होती, पाणी प्यायल्या त्या खालच्या फळ्या. वरच्या अजून सरपणासारख्या सुक्या. कलल्यावर त्या पाण्याखाली जाणार, हे कुठल्याही खलाशाला सुचलं असतं. त्यानं स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि डबा उचलला. पण एक हात सुकाणूवर, एका हातानं उपसा. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त. शीड पाडलं तर होडी सरळ व्हायची, गळती थांबायची, पण लाटा तिला खडकांकडं रेटायच्या. शेवटी शीड अर्धंच चढवून त्यानं रडतखडत एक वाळूची खाडी गाठली आणि फोन लावला.

"ट्रॉलर धाडतो," मेहुणा म्हणाला. "ओढत नेतील."

"शर्यतीचा बैल टेम्पोत घालून पळवतात का रे? ओढत नेलेली होडी कोण घेईल?"

"मग करणार काय?"

"पाण्यानं भरतो तिला. काठोकाठ."

पलीकडं मेहुणा कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "ताई, दाजींना ऊन लागलंय."

मिस्त्री कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बादलीनं आपलीच होडी भरू लागला. तोल राखायला तळाशी भरलेले दगड होतेच, ती वाळूवर बसली. भरती आली तशी काठासकट बुडाली. बाजूनं जाळी टाकून परतणारे मच्छीमार ओरडले, "मिस्त्री, बाहेर काढायची असते ती!"

"तुम्ही मासे बघा," त्यानं सुनावलं आणि खडकावर बसून ओल्या भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी ओहोटीला काठ वर आले. दंडांत गोळे येईस्तोवर त्यानं पाणी उपसलं, शीड चढवलं. भूशिराशी होडी पुन्हा कलली. तो फळ्यांवर डोळे रोवून बसला. एका सांध्याशी ओल आली, बाकी काही नाही.

पलीकडं मच्छीमारांचा म्होरक्या वाट बघतच होता. "काल बुडवलीस म्हणे."

"बुडवली. वरच्या फळ्या सुक्या ठेवून निघालो, चूक माझी. आता मुरल्यात."

म्होरक्यानं आत उतरून फळ्यांवरून हात फिरवला. "इथं ओल आहे."

"आहे. ती फळी बदलावी लागेल."

"कलवून दाखव."

दोघं बाहेर गेले. म्होरक्या मुद्दाम खालच्या बाजूला बसला. पाणी काठ चाटत होतं, त्याचं बूड कोरडंच राहिलं. दोघं धक्क्याला परतले.

"एक बांध," उतरताना तो म्हणाला.

"तीन म्हणाला होतात."

"तू काल येणार होतास. ती वर्षभर वापरू, मग बाकीच्यांचं बघू."

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली. "लांबी सांगा."