परखीवरचं रक्त

आमच्या राईस मिलच्या सुपरवायझरने मला परखी मारली, तेव्हा लागलं हे मला आधी कळलंच नाही. परखी म्हणजे पोत्यात खुपसून तांदळाचा नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. ती माझ्या खांद्यात घुसली. शर्ट गरम झाला म्हणून बघितलं, तर रक्त.

माझा गुन्हा काय, तर मशीन बंद केली. एका हमालाचा दुपट्टा मोटरच्या पट्ट्यात गेला होता. गळा आवळला होता, डोळे बाहेर आले होते. मालकाला विचारत बसू? खटका ओढला. मानेची सालटी निघाली, पण माणूस वाचला. आणि हा हरामखोर ओरडत आला, "मिल काऊन बंद केली बे?" अन् खुपसली.

पुढच्याच आठवड्यात आरोपपत्र माझ्या हातात. सुपरवायझरवर परखीने हल्ला म्हणे मीच केला! निलंबित. असा संताप आला की खरंच त्याचं पोट फाडायला निघालो. बायको दाराला पाठ लावून उभी राहिली. "आता मारशीन त त्याहीनं लिवलेलं खरं होईन," म्हणाली.

आमगाववरून गोंदियाला कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, चौकशीला मिलमधला एक सहकारी सोबत घेऊन जाता येतं. तो तुझ्या बाजूने बोलेल, त्यांच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारेल. हा तुझा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. हक्क होता हो, पण सहकारी कुठून आणू? ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला, ते मला बघून बिडी विझवून आत जायला लागले. शेवटी त्या हमालाची बायको आली. आमच्याच मिलमध्ये झाडझूड करायची. मी तिला वहिनी म्हणतो. "मी येईन भाऊ," एवढंच बोलली.

चौकशी मालकाच्या ऑफिसात. चौकशी अधिकारी म्हणून मालकाने आणलेले वकील, समोर तो सुपरवायझर. माझ्या मुठी वळत होत्या. "हात मांडीखाली घे," वहिनी कानात म्हणाली. मी हातांवर बसलो.

मग तिने त्याला विचारलं, "परखीवर रक्त कोणाचं होतं?"

"माझं."

"कुठं लागलं? दाखवा."

तो वकिलांकडे बघायला लागला. वकील म्हणाले, "बाई, असं विचारता येत नाही."

"येते. मी लेबर ऑफिसात पुसून आली. लिवा, यायले दाखवता नाही आलं."

वकिलांनी नाइलाजाने लिहिलं. मी शर्ट काढून खांदा दाखवला. तेव्हा सुपरवायझरचं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून ओरडला, "हां, मारा मैंने! मिल बंद क्यों की? एक हमाल मर जाता तो दूसरा आ जाता!"

जिंकलो होतो मी. वकिलांसमोर त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. पण वहिनीने टेबलावरचा स्टीलचा जग उचलला आणि त्याच्या थोबाडावर हाणला. मग पुन्हा. दात टेबलावर पडला, पाणी अन् रक्त सगळीकडे. मीच तिला कमरेला धरून मागे ओढलं. माझ्या खांद्याची जखम उघडली.

मला कामावर परत घेतलं. आता चौकशी वहिनीची आहे आणि साक्षीदार म्हणून पहिलं नाव माझं. मालक हसून म्हणाला, "सच ही तो बोलना है."

त्याचा गळा दाबावासा वाटला. सरळ वहिनीच्या घरी गेलो. अंगणात हमाल खाटेवर बसला होता, मानेला अजून पट्टी. मी वहिनीला म्हणालो, "मी साक्षच नाही देत. नोकरी गेली चुलीत."

ती भडकली. "कायले? जाजो तू. सांगजो, हिनं मारलं म्हणून. अन् थे बी लिवून घ्यायले लावजो, का तू मधात आला म्हणून वाचला थो सुपरवायझर."